कोपरावरचा साबण

अण्णा, मी शारजात बसून लिहितेय. तुम्हाला शारजा कुठलं ठाऊक असणार म्हणा. समुद्रापलीकडचं गाव, घरात गारवा नि बाहेर भट्टी. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा वेलांट्या चुकल्या तर रागावू नका. पेन्सिल नातीची आहे, तिलाही धड टोक नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या पोटात होता तो तुमचा नातू इथे हमरिया भागात एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. फरशी पुसायची औषधं, साबण असलं करतात. तुमच्यासारखाच नुसत्या वासावरून सांगतो, काय कमी पडलंय ते. तर झालं काय, इथून जवळच लढाई पेटलीय, आणि कुठल्याशा सैन्यासाठी त्यांच्याकडे ऑर्डर आली. तेलात मिसळायची पूड. ती घातली की आग माणसाच्या अंगाला चिकटून राहते म्हणे. हा म्हणाला, मी करणार नाही.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मोठ्या लढाईत इंग्रजांसाठी अंगावर फोड आणणारा वायू करायला तुम्ही नाही म्हणालात, तुरुंगात जाऊन आलात, मग एवढ्या शिकलेल्या माणसाला कोणी दारात उभं करेना. खोबरेल आणि कॉस्टिक घेऊन चुलीजवळ साबण ढवळत बसायचात. तुम्ही वडी कापता, थोडा फेस स्वतःच्या कोपराच्या खळगीत चोळता आणि आग होते का ते बघता. मी विचारते, शेजारच्या मुली तुम्हाला भित्रे म्हणतात, खरं का? तुम्ही हसता.

"माझ्या कोपराला सोसत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही, बाळ."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "कोपराने घर चालत नाही." खरंच होतं तिचं. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. सवय मात्र सुटली नाही. या पोराला लावायचा साबण आधी माझ्या कोपराला लागायचा, आणि तो टक लावून बघायचा.

मॅनेजर त्याला म्हणाला, "हबीबी, हम को क्या, ड्रम भर के भेजना है." यानं विचारलं, आधी तुमच्या कोपराला लावून बघू का? झालं, खलास. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, आता महिन्याभरात सगळ्यांनी गाव गाठायचं. सून डोळे पुसत खोकी जमवतेय. नात दप्तर पोटाशी धरून विचारते, "आजी, आर वी गोइंग बॅक?"

मी उठले आणि शिरा केला. केळं घालून, सढळ तुपाचा.

सून बघतच राहिली. "आई, नोकरी गेली आणि शिरा?"

मी म्हटलं, एवढं तूप बरोबर कुठे नेणार, संपवायला नको?

तूप नेता आलं असतं, अण्णा. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, रव्याच्या डब्याखाली ठेवते. मला आनंद झाला होता, पोटात मावेना इतका, आणि आज या घरात तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता.