पाद्रींना दिलेल्या दोन चिठ्ठ्या

१२ सप्टेंबर, डेल्फी

नोकरीचा पहिला दिवस पार पडला आणि अजून कुणी हरवलेलं नाही! त्रिकाला गावच्या पेन्शनर मंडळाची सहल, दहा दिवस, ग्रीसमधली जुनी देवळं आणि बेटं, आणि मार्गदर्शक मी, अर्गिरो. प्रवासी जेमतेम पाच, म्हणून लहान गाडी. एव्हान्थियाकाकूंनी गाडी सुटायच्या आतच पिठीसाखर लावलेली बदामाची बिस्किटं वाटली, सीटवर सगळी साखर. थेमिस्तोक्लिसकाका निवृत्त मास्तर. चढण संपल्यावर धापा टाकत म्हणाले, एवढे गुडघे झिजवून शेवटी दगडच बघायचे होय? पोलिक्सेनीकाकू आणि त्यांचे मिनासकाका खिडकीवरून भांडतात. काकू म्हणतात, चाळीस वर्षं तुझं घोरणं ऐकलं, आता मला समुद्र तरी बघू दे.

पाचवी माझी आई, ख्रिसांथी. बाबा गेल्यापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता. ती पुन्हा हसावी एवढ्यासाठीच मी ही नोकरी धरली, असं म्हटलं तरी चालेल.

१५ सप्टेंबर, नाक्सोस

आज बाबांचं वर्षश्राद्ध. आईने घरून गहू आणले होते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते उकडून, साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम घालून तिने थाळी सजवली. डोंगरावरच्या छोट्या चर्चमध्ये गेलो. थाळीसोबत मृताच्या नावाची चिठ्ठी द्यायची, तशी तिने बाबांच्या नावाची लिहून माझ्याकडे दिली होती: लुकास. मला वाटलं, आलोच आहोत तर सगळ्यांच्या प्रकृतीसाठीही नावं वाचून घेऊ. खोल्यांच्या क्रमाने लिहिली. एव्हान्थिया, थेमिस्तोक्लिस, पोलिक्सेनी, मिनास, अर्गिरो, ख्रिसांथी. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात मेणबत्त्या, दोन्ही चिठ्ठ्या बोटांत. ग्रिगोरिस पाद्रींनी घेतल्या आणि म्हणाले, चाळीस दिवस रोज पहाटे वाचीन, काळजी नको. तेवढ्यात थेमिस्तोक्लिसकाकांना चक्कर आली, म्हणून त्यांना घेऊन मी बाहेर थांबले. वाचन काही ऐकलं नाही.

आई बाहेर आली तेव्हा हसत होती. मला केवढं बरं वाटलं.

१६ सप्टेंबर

एव्हान्थियाकाकू न्याहारीला आल्या नाहीत. हॉटेलवाली म्हणाली, ती खोली तुम्ही घेतलीच नव्हती. ड्रायव्हर वान्गेलिस म्हणाला, ताई, ऊन लागलंय तुम्हाला, पहिल्यापासून चारच जण आहेत. बाकीचेही तेच म्हणतात. सीटवर पिठीसाखर अजून आहे. मी बोट लावून चाखली.

मागच्या बाकावर कुणीतरी जपमाळेचे मणी खेळवत होतं. वळून पाहिलं तर कुणी नाही.

१७ सप्टेंबर, डेलोस

थेमिस्तोक्लिसकाका नाहीत. त्यांची टोपी माझ्या पिशवीत आहे, आत त्यांच्या हाताने नाव लिहिलेलं. मिनासकाकांना दाखवली तर म्हणाले, कुणाची तरी पडली असेल.

बोटीतून उतरताना आईने कुणालातरी हात दिला. तिच्या बाजूला रुंद खांद्यांची नुसती सावली होती. तंबाखूचा तो वास मी ओळखते.

१८ सप्टेंबर, परत नाक्सोस

पोलिक्सेनीकाकू गेल्या. मिनासकाका खिडकीशी एकटेच बसले. मी विचारलं तर हसले, म्हणाले, पोरी, मी जन्माचा ब्रह्मचारी.

आणि शेजारी बाबा बसले होते.

तोच करडा कोट. मिनासकाका त्यांना लुकास, लुकास म्हणत जुन्या मित्रासारखे गप्पा मारत होते. मला धावत जाऊन गळ्यात पडावंसं वाटलं. पडलेही. अंग थंडगार. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंच नाही.

संध्याकाळी आईला हलवून हलवून विचारलं. शेवटी बोलली. पाद्रींनी बाबांचं नाव जिवंतांमध्ये वाचलं आणि आमची मेलेल्यांमध्ये. चिठ्ठ्या माझ्या हातून उलट गेल्या. तिला तिथेच कळलं होतं. पण त्यांचं नाव तसं ऐकताना इतकं बरं वाटलं, म्हणाली, की मी गप्प बसले गं. मी सांगितलं, चिठ्ठीच्या क्रमाने रोज एक जण जातोय आणि शेवटचं नाव तुझं स्वतःचं आहे. म्हणाली, तोवर एकूण सहा दिवस तर मिळतात.

मी तिला जाऊ देणार नाही.

१९ सप्टेंबर

मिनासकाका नाहीत. मी डोंगरावर पळत गेले. चर्चचं दार बंद. शेजारीण म्हणाली, पाद्री पहाटे नावं वाचतात आणि शेळ्यांमागे जातात, उद्या या. दरीभर हाका मारत फिरले, पाद्री सापडले नाहीत.

उद्या माझं नाव. परवा आईचं. उद्या वाचनाच्या आधी पोचायलाच हवं.

२० सप्टेंबर, पहाटे

गाडी उशिरा आली. वान्गेलिस म्हणतो सहल वगैरे काही नाही, त्या म्हाताऱ्या जोडप्याला फिरवायला ठेवलंय, तुम्ही कोण — आई आणि बाबा मागे बसले, हातात हात. मी पुढे. तो माझ्याशी परत बोलला नाही —

चर्च. घंटा थांबली. वाचून झालं होतं —

पाद्रींच्या पाया पडले. म्हणाले, बाई, मी कागदावरचंच वाचतो, नव्या चिठ्ठ्या द्या, लगेच पुन्हा वाचतो. बाकावर बसून लिहितेय —

मृतांसाठी: लुकास. बाबा, मला माफ करा —

जिवंतांसाठी: ख्रिसांथी. झालं. आई वाचली. आता बाकीचे. ती बिस्किटवाली — मास्तर — नावं याच वहीत वर लिहिलीत, पण मला ती पानं कोरी दिसतात — निदान माझं तरी —

आई आत आली. मेणबत्ती लावली. माझ्याजवळ वाकली, गालावरून हात फिरवला, परक्याच्या लेकराला विचारावं तसं मायेने विचारलं, रडतेस का? कुणाची गं तू?

पाद्री हात पुढे करून उभे आहेत. म्हणतात, नाव लिहा.

ख्रिसांथीची मुलगी. एवढं आठवतं. नाव —