बिनकॉलमची गॅलरी

२ फेब्रुवारी २०२४
आजपासून रोज लिहिणार.
पन्हाळ्याच्या उतारावरच्या आमच्या नव्या घराला गॅलरी ठरली. बारा फूट, सरळ दरीवर, खाली एकही कॉलम नाही. पूर्णिमाला हल्ली दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. सध्या राहतो त्या शिवाजी पेठेतली धूळ, दुसरं काय! या गॅलरीत बसली की महिन्याभरात ठणठणीत.

२८ फेब्रुवारी
रोज लिहिणं जमलं नाही. साइटची धावपळ. इंजिनिअर अमरेश म्हणाला, धैर्यशीलकाका, एक कॉलम घेऊया की, काम सोपं हुतंय. ठाम नकार दिला. कॉलम दिला तर ती गॅलरी कसली, ओसरी झाली.

११ मार्च
क्रांतीचा पुण्याहून फोन. आईला आधी हार्टच्या डॉक्टरांना दाखवा म्हणे. गॅलरीचा स्लॅब टाकून झाला की नक्की. पोरीला घाई फार.

१७ मार्च
पूर्णिमाला साइटवर नेलं. जिथून गॅलरी निघणार तिथे कडेला उभी केली. म्हणाली, अहो, गरगरतंय मला. मला आपल्या दारातल्या कट्ट्यावरच बसू द्या की. बायका येत्यात, चार शब्द बोलत्यात.
तिला ड्रॉइंग कळत नाही, म्हणून असं वाटतं.

६ एप्रिल, शनिवार
स्लॅब झाला! मधेच काँक्रीटचा मिक्सर बिघडला, संध्याकाळची डॉक्टरांची अपॉइंटमेंट हुकली. सोमवारी नक्की. पूर्णिमा म्हणाली, असू दे, तुम्ही दमलाय.

७ एप्रिल
संध्याकाळी स्वयंपाकघरात कोसळली. अ‍ॅडमिट. व्हॉल्व्ह पार खराब झालाय, खूप आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनाच म्हणत असतील.
डिस्चार्ज मिळाला की थेट गॅलरीत. आरामखुर्ची ऑर्डर केली.

१५ एप्रिल
पूर्णिमा काल गेली.
क्रांती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. प्रवासानं दमली असेल.

१६ मे
टेकू काढले. गॅलरी केसभरही झुकली नाही. अमरेशनं हात मिळवला. मी म्हणालो, बघ!
काय बघ, ते पुढे सुचेना.

९ जून
दिवसभर गॅलरीत बसलो. हवा सुरेख. छातीभर श्वास घेता येतो. माझं म्हणणं बरोबर होतं. तेवढंच सांगायला क्रांतीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कट केला.
तिच्याकडे रेंज नसेल.