मामांना निरोप

१४ जुलै

आजही तेच. लिंबानीचा फोन वाजला, त्याने नाव पाहिलं आणि उठून बाहेर पेरूच्या झाडाखाली गेला. हल्ली घरात फोन घेतच नाही. आत येऊन म्हणाला, "गिऱ्हाईक होतं." नवरा शिंपी; त्याला रविवारी दुपारी कसलं गिऱ्हाईक!

मी भाजी निवडत राहिले.

२० जुलै

बाजारातून येताना त्याच्या दुकानाच्या ओट्यावरून आले. मशीनवर कापड झाकलेलं. शेजारी बसणारा घड्याळवाला म्हणाला, "टीचर, तुमचे मालक मातावाले वस्तीत गेलेत. फायनेसकडे. दर शनिवारी जातात की!" मग स्वतःच गडबडला. "म्हणजे... कपडे द्यायला असेल."

फायनेस म्हणजे काचिंग्वे म्हाताऱ्याची भाची. म्हाताऱ्याने लिंबानीला शिवण शिकवलं, जाताना मशीनही त्यालाच दिलं. गेल्या वर्षी म्हाताऱ्याला पुरलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हीच रडत होती. नवरा आहे तिला — दारूत बुडालेला.

मला राग आला का? नीट तपासून पाहिलं. फारसा नाही. हिवाळ्याचं धुकं होतं आणि थंडी वाजत होती, एवढंच आठवतं.

२१ जुलै

प्रार्थना संपल्यावर माई न्यासुलूंना गाठलं. चर्चच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख. दुसऱ्या कुणाला सांगणार?

"नवऱ्याला विचारलंस?"

"नाही."

"विचारूही नकोस. विचारलं की पुरुष खोटं बोलायला लागतो. उपास धर. देवाला विचार."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. वर्गात मुलांना सांगते, पुरावा नसेल तर बोलू नका. तरी मान डोलावली. माझा विश्वास आहे. खरंच आहे. देव ऐकतो, म्हणून तर मी शिकले.

उद्यापासून सूर्य मावळेपर्यंत काही खायचं नाही. मागणं एकच — प्रभू, सत्य दाखव.

२४ जुलै

लिंबानी म्हणाला, "वाळून चाललीस. तुझ्या देवाला म्हणावं, माझी बायको मला परत कर." हसत म्हणाला. मी हसले नाही.

२६ जुलै

मैत्रिणीचा, ताडालाचा, राजधानीतून, लिलोंग्वेहून फोन. तिच्या शाळेतली जागा अजून भरलेली नाही. "ये ना! मोडका फळा आणि कोंबड्या सोडून दुसरं काय आहे तुला तिथे?" वेडी!

पदवी मिळाली तेव्हाच जायचं होतं मला. आई म्हणाली, आधी लग्न. आता तो विषय कशाला? चांगल्या नवऱ्याला सोडून बाई नोकरीच्या मागे गेली, तर तिच्या आईला नळावर तोंड दाखवता येत नाही. नवरा वाईट निघाला तर गोष्ट वेगळी. मग मामाच हाताला धरून घरी आणतात.

कपाटावरची पिशवी काढून झटकली. कमरेला गुंडाळायची दोन कापडं घडी करून आत ठेवली. भिंतीवरचं पदवीचं प्रमाणपत्रही ठेवलं. उगीच.

लिंबानीने विचारलं, "भिंत मोकळी का?"

"काच पुसायची आहे."

३ ऑगस्ट

शनिवार. इस्त्रीचा शर्ट. मातावाले. परत आला तो डोळे लाल. मक्याच्या न्सिमाचा गोळा बोटांत वळत नुसताच बसला.

"काय झालं?"

"काही नाही. लोक फार मूर्ख असतात."

कोण लोक? ते सांगितलं नाही.

४ ऑगस्ट

मामांना निरोप धाडला. लग्नात माझ्या बाजूने अंखोस्वे म्हणून ते उभे राहिले होते, त्याच्या बाजूने त्याचा थोरला भाऊ. नवराबायकोचं बिनसलं की या दोघांपुढेच मांडायचं. एकदा मांडलं की मागे घेता येत नाही.

मग शांतपणे वह्या तपासायला बसले.

१० ऑगस्ट

आमच्या घरी बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

मामा चटईवर बसले, सोबत आलेल्या मामी चुलीकडे गेल्या. "बोल, मुली." मी वर्गात बोलावं तसं बोलले — फोन, शनिवार, शर्ट, फायनेस.

थोरला भाऊ लिंबानीवर डाफरला, "अरे गाढवा, तोंड उघड की!"

"तिच्या घरी जातो. खरं आहे," लिंबानी म्हणाला.

"कशाला?"

"ते सांगता येणार नाही."

"बायकोला?"

"तिलाही नाही. तुलाही नाही, दादा. मामांनाही नाही."

झालं, मला वाटलं. नजर कपाटावरच्या पिशवीकडे गेली.

मामांनी तपकीर ओढली. सावकाश विचारलं, "तू जातोस तेव्हा तिचा नवरा कुठे असतो?"

"समोर बसलेला. असावाच लागतो."

मामा बघत राहिले, आणि मग हसायलाच लागले! "म्हणजे काचिंग्वेने मरताना तुला नुसतं मशीन नाही दिलं!"

लिंबानीने मान खाली घातली.

"अगं शिकलेले," मामा माझ्याकडे वळले, "काचिंग्वे त्या पोरीचा कोण? मामा. मामा गेला म्हणून तिच्या लग्नाला कुणी वाली नको? त्याने हा बसवला आपल्या जागी. आणि अंखोस्वेने एका घरचं भांडण दुसऱ्या घरात न्यायचं नसतं, बायकोच्या उशीशीही नाही. विचार तुझ्या मामीला, इतक्या वर्षांत मी काय काय सांगितलं!"

मामी चुलीपासून ओरडल्या, "काही नाही! मेल्याने एवढंसुद्धा नाही सांगितलं!"

सगळे हसले. मामींनी कोंबडी कापली. लिंबानी हळूच म्हणाला, "तुला सांगायचं होतं ग. पण म्हातारा वरून ऐकतोय असं वाटायचं."

"मला कळायला हवं होतं," मी म्हटलं. "चुकले मी. माफ करा."

"जेव आता पोटभर," तो म्हणाला.

११ ऑगस्ट

माईंनी मंडळात साक्ष द्यायला उभं केलं. देवाने सत्य दाखवलं, असं मी म्हणाले. टाळ्या, गाणं. माझा आवाजही छान लागला.

१२ ऑगस्ट

लिंबानीने भिंतीत नवा खिळा ठोकून ठेवलाय. पिशवी खाली काढली. प्रमाणपत्राची काच पुसली. परत पिशवीत ठेवलं. गुडघे टेकले, पण शब्द सुचेनात.

सत्य दाखव म्हणत होते मी. खरं तर तो दोषी निघावा, एवढंच मागत होते.