मोठी रक्कम आधी

५ जून. संध्याकाळ.
पासबुक छापून आणले. डोके फिरले. खात्यात ३,४०० होते. सकाळी कार्डाने पेट्रोल, दुपारी किराणा, मग बायको संघप्रियाच्या गोळ्या. सगळे मिळून ९६०. मेडिक्लेमचा ३,३०० चा हप्ता सगळ्यात शेवटी गेला. पासबुकात मात्र हप्ता सगळ्यात वर! म्हणजे आधी खाते रिकामे केले, मग तिन्ही किरकोळ खर्च ओव्हरड्राफ्टमध्ये. प्रत्येकी ११८ दंड. घडले तसे लिहिले असते तर एकच दंड बसला असता.

६ जून.
बँकेत गेलो. पुनम मॅडम मॅनेजर आहेत. मोठी रक्कम आधी लागते, सिस्टीमच तशी आहे, म्हणाल्या. मी टेबलावर हात आपटला. पेनस्टँड पडला. उचलून दिला. नैतिक विजय माझाच. ओव्हरड्राफ्ट बंद करण्याचा अर्ज तिथेच दिला.
संकल्प: पगार झाला की सगळा काढायचा. हप्ता स्वतःच्या हाताने, माझ्या वेळेवर भरायचा.

१० जून.
संघप्रियाच्या पित्ताशयात खडे निघाले. मी कोळसा प्लांटवर कंत्राटदाराचा सुपरवायझर, आम्हाला कंपनीचा दवाखाना नाही. म्हणून तर ही मेडिक्लेम. खड्यांचा खर्च मिळायला पॉलिसी आधी सलग दोन वर्षे चालू हवी, ती अट ३१ जुलैला संपते. ऑपरेशन १२ ऑगस्टला ठरवले. डॉक्टर म्हणाले, मधे खडा नळीत सरकला तर कावीळ होऊन भारी पडेल. माझे नियोजन पक्के आहे. खड्याने तेवढे थांबावे.

१ जुलै. पहाटे ५.
बँकेची कापाकापी सहाला सुरू होते, म्हणून पाचला एटीएम. ऊर्जानगरच्या फाटकाजवळ बिबट्या फिरतो आहे, उजाडेपर्यंत बाहेर पडू नका असे वनखाते रोज भोंग्यावरून सांगते. काठी नेली. फाटकावरचे लटारूभाऊ ओरडले, काऊन जीव द्याले चालला गा? मी सांगितले, बिबट्या एकदाच खातो, बँक दर महिन्याला. पैसे तांदळाच्या डब्यात ठेवले. खात्यात १२ रुपये.

५ जुलै.
हप्ता बाउन्स होऊन परत गेला. २९५ दंड. कापणार कुठून? खात्यात १२ रुपये! खूप दिवसांनी मोकळा हसलो. संघप्रिया हसली नाही. आधी हप्ता भरून टाका जी, मले भेव वाटून राह्यलं, म्हणाली. भरणारच आहे. उद्या.

९ जुलै.
डबल ड्युटी. हप्ता राहिला. 'प्रिय ग्राहक' असा मेसेज आला. प्रिय म्हणणाऱ्यांनी आजवर पैसेच मागितले आहेत. न वाचता पुसला.

१४ जुलै.
आणखी दोन. त्यातल्या एकावर 'शेवटची सूचना'. सरळ धमकी! नंबरच ब्लॉक केले. दुपारी तिला कळ आली, भिंत धरून उभी राहिली. त्यातही विचारले, हप्ता भरला ना जी? मी हो म्हणालो. भरणारच आहे, म्हणजे हो.

२१ जुलै.
आज खरोखर भरायला बसलो. पॉलिसीचा नंबर टाकला की 'चालू पॉलिसी आढळली नाही'. चार वेळा टाकला. सर्व्हर डाऊन असणार. पावसात होते असे.

१ ऑगस्ट. पहाटे.
संघप्रिया मागोमाग आली. एकट्याले जाऊ देत नाई, म्हणाली. एका हातात टॉर्च, दुसरा पोटावर. एटीएमच्या पायरीपाशी चिखलात पंजे उमटलेले. ताजे. मशीन पैसे मोजत होते तेवढा वेळ ती अंधाराकडे तोंड करून उभी राहिली.
२९५ पगारातून आधीच कापलेले. म्हणजे बँक पाचच्याही आधी उठते.

५ ऑगस्ट.
हप्ता कापायला कोणी आलेच नाही! दंड शून्य. बँकेने हात टेकले. लटारूभाऊंना चहा पाजून सगळी हकीकत सांगितली. ते चहा संपवून म्हणाले, मंग आले काऊन नाई? विचित्र माणूस. रात्री झोप लागली नाही. चहामुळे.

१२ ऑगस्ट. चंद्रपूर, हॉस्पिटल. सकाळी ९.
काउंटरवरच्या मुलीने तीन वेळा नंबर टाकून पाहिला. पॉलिसी २० जुलैला बंद. अट संपायला अकरा दिवस होते. नवी घेतली तर पुन्हा दोन वर्षे थांबायचे. ऑपरेशन आज करायचे तर सत्तर हजार भरा. तांदळाच्या डब्यात एकोणीस आहेत.
मुलीने हळू विचारले, मेसेज नाही का आले तुम्हाला?
संघप्रिया बाकावर बसली आहे, मांडीवर कपड्यांची पिशवी. रात्रीपासून पाणीही प्यायलेली नाही. इथल्या उजेडात तिचे डोळे पिवळे दिसतात. घरी लक्षात आले नव्हते.
नंबर लागला का जी, असे तिने विचारले.
मी म्हणालो, सिस्टीम आहे, वेळ लागतो.