दोन वह्यांचा ताळा

६ जानेवारी १९७५, सोमवार

पोहोचले, आणि खूश आहे. हे आधी लिहून ठेवते, कारण आठ दिवसांत मी कुणाशी तरी भांडून परत येईन अशी पैज माझ्या बहिणीने नागपुरात लावली आहे. अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढून निवृत्त झालेल्या बाईला तीन महिन्यांसाठी पुन्हा बोलावतात, ते काही तिच्या गोड स्वभावासाठी नव्हे. काम अडलं म्हणून बोलावतात.

वाशिमहून बसने दीड तास. सावळदरी हे गाव मला पाहताक्षणी आवडलं. कोरडी थंडी, जिनिंगपर्यंत कापसाच्या बैलगाड्यांची रांग, हवेत तुरळक पांढरे पुंजके. एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्यांची दगडी इमारत. माझं क्वार्टर मागेच, आणि त्यात फोन आहे. नंबर चाळीस! जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले. घरात स्वतःचा पहिल्यांदाच आला.

ऑपरेटर लिलाबाई संध्याकाळी भाकरी, ठेचा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन आली. चाळिशीची, बडबडी, कामाला चोख दिसते. तिचा नवरा जानराव इथला लाइनमन. तो दारातच उभा राहिला आणि खांबावर चढतो तेव्हा वरून सगळ्या गावाची जेवणं दिसतात असं सांगून हसला. लिलाबाई म्हणाली, याच्या तोंडाले कुलूप लावायले पायजे, बाई, झोपेतही बोलते हा माणूस.

७ जानेवारी

काम समजून घेतलं. बेचाळीस नंबरांचा बोर्ड. प्रत्येक नंबराची नोंद दोन वह्यांत: कुणाचा, कोणत्या खांबावरून, चालू की बंद. पहिली वही बोर्डाजवळ, दुसरी मागच्या बॅटरीच्या खोलीत, लोखंडी कपाटात. एक जळली तरी दुसरी वाचावी म्हणून. कपाटाची किल्ली फक्त पर्यवेक्षकाकडे, म्हणजे आता माझ्याकडे.

नियम सोपा आहे. रोज पाच वाजता दोन्ही वह्या ताडून बघायच्या. फरक निघाला तर ज्या नोंदीची तारीख नंतरची, ती खरी. ती दुसरीकडे उतरवायची आणि सही करायची. पर्यवेक्षक नसेल तर ऑपरेटरने. वीस तारखेला अकोल्याहून साहेब येणार आहेत. नवं यंत्र बसायचं आहे आणि त्यासाठी त्यांना एकच, निर्विवाद यादी हवी आहे. इथल्या दोन वह्या अकरा वर्षं जुळलेल्या नाहीत. अकरा वर्षं! मी असते तर कुणाची तरी पेन्शन थांबवली असती.

८ जानेवारी

फरक पाच नंबरांचा आहे. तीन, आठ, बारा, सतरा, सव्वीस. पहिल्या वहीत ‘चालू’. दुसऱ्या वहीत पाचांपुढे दोनच शब्द: ‘उत्तर नाही’. तारीख आजची.

मी पाचही नंबर लावले. पाचही जणांनी उचलले. तीन नंबरचा फुलचंद, कापसाचा व्यापारी, माझ्यावरच खेकसला, की आज या टायमाले काहून फोन केला, बाई तर सांजच्याले करत होत्या.

बाई म्हणजे माझ्या आधीच्या भागिरथाबाई. ऑक्टोबरात वारल्या. लिलाबाईने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. अकरा वर्षं ही बाई रोज पाच वाजता या पाच घरी फोन करी, ‘हो, बोलतोय’ एवढं ऐकून घेई, पहिल्या वहीत त्या दिवसाच्या तारखेने पुन्हा ‘चालू’ लिही, आणि ताळ्याची सही न करता उठे. सकाळी दुसऱ्या वहीत ‘उत्तर नाही’ पुढच्या तारखेने हजर. ती वारल्यापासून लिलाबाई तेच करत आली आहे. सरकारी तारांचा आणि पगाराचा असा सदुपयोग मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या वहीत लिहितं कोण, हे विचारलं. लिलाबाई खाली बघून म्हणाली, मले नाही मालूम, बाई. किल्ली तं तुमच्याजवळच असते.

अक्षर भागिरथाबाईंचं आहे. तारीख आजची. म्हणजे कुणीतरी मेलेल्या बाईच्या अक्षराची नक्कल करतं आणि कपाटाची दुसरी किल्ली बाळगून आहे. कुणी, ते मला न सांगता कळतं.

९ जानेवारी

मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर म्हणत, दोन प्रती वेगळ्या असतील तर एक खोटी आहे, ती शोधा आणि फाडा. मी फाडलं काही नाही. नियम पाळला. आज तीन आणि आठ हे दोन नंबर जुळवले, पहिल्या वहीत ‘उत्तर नाही’ उतरवलं, खाली सही. साहेब यादी घेऊन गेले की एका अर्जात दोन्ही पुन्हा चालू करता येतील. कागदाचा प्रश्न कागदाने सुटतो.

लिलाबाई बोर्डावरून उठून माझ्यामागे उभी राहिली होती. म्हणाली, वह्या जुळल्या का माणूस तुटते, असं भागिरथाबाई म्हणत. मी तिला म्हटलं, भागिरथाबाई आणखीही बरंच म्हणत असतील, म्हणूनच खात्याला मी लागले.

१० जानेवारी

फुलचंदला काहीतरी झालं आहे. सकाळी गादीवर बसलेला सापडला, हातात रिसीव्हर, डोळे उघडे. श्वास चालू, नाडी चालू. हाक मारली, चिमटे काढले, तरी ओ नाही. आठ नंबरचे निवृत्त हेडमास्तर शेषराव, तेही तसेच. डॉक्टर म्हणतात, अर्धांगाचा झटका. मीही तेच म्हणते. दोन म्हातारे, थंडीचे दिवस. जगात दोन गोष्टी एकाच दिवशी घडू शकतात.

११ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण यात माझी बाजू स्वच्छ आहे.

लिलाबाईने पोस्टमास्तरांच्या आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत मला विचारलं, तुमी दोन माणसं खाल्ली, आता आणखी किती खाता? अडतीस वर्षांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. पाच वाजता दुसरी वही काढली आणि सतरा, सव्वीस जुळवायला घेतले.

तेव्हा ती पायाशी बसली. बारा नंबर तिच्या क्वार्टरचा, जानरावच्या नावावरचा आहे. सगळ्या गावाचं करा, म्हणाली, पण बारा राहू द्या जी. जानराव हाये तिथं. एक आकडा चुकला तं कोणता साहेब मरते?

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तो लाइनमनच्या बायकोसाठी वेगळा नसतो.

खरं सांगायचं तर हात क्षणभर थांबला होता. बोर्डाच्या त्या बाजूला जानराव आमच्यासाठी चहा गाळत होता, कुणाच्या तरी म्हशीची गोष्ट सांगत. पण ती मला सगळ्यांदेखत बोलली होती.

सही केली.

१२ जानेवारी

पहाटे ओरडणं ऐकू आलं. गेले. जानराव खाटेवर बसलेला होता, पक्कड हातात, डोळे उघडे. लिलाबाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन हाक मारत होती. अहो. अहो. अहो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फोन.

सतरा आणि सव्वीसही तसेच. पाच झाले.

मी लगेच एक्स्चेंजमध्ये जाऊन दोन्ही वह्यांत पाचांपुढे आजच्या तारखेने ‘चालू’ लिहिलं. सही केली, शिक्का मारला. चूक असेल तर दुरुस्त झाली.

१३ जानेवारी

दोन्ही वह्यांत ‘उत्तर नाही’. माझी कालची ओळ कुठेच नाही. खोडलेलीही नाही. कागद गुळगुळीत.

फरक होता तोवर एक वही त्यांच्या बाजूने होती. आता दोन्ही एकच सांगतात. भागिरथाबाई काय धरून बसल्या होत्या ते कळलं.

हे लिलाबाईला सांगितलं नाही. काय सांगणार? माझी चूक झाली, हे शब्द मला कधी जमले नाहीत.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ घेऊन जानरावकडे गेले. लिलाबाईने अडवलं नाही. मी लाडूचा तुकडा त्याच्या ओठांत ठेवला. तो तिथेच राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, एकाच डोळ्यातून, बराच वेळ. लिलाबाई पदराने पुसत म्हणाली, डोळा पाझरते फक्त, बाई, डॉक्टर म्हणे काही समजत नाही त्याले.

मला मात्र वाटलं — नको.

१६ जानेवारी

दुसऱ्या वहीत सहावा नंबर. चाळीस. ‘उत्तर नाही’. तारीख उद्याची.

या वेळी अक्षर भागिरथाबाईंचं नाही. उजवीकडे झुकलेलं, गाठी मारलेलं, सिस्टरनी पट्टीने बोटं फोडून शिकवलेलं. माझं.

१७ जानेवारी

सकाळी पहिल्या वहीत चाळीसपुढे ‘चालू’ लिहिलं. संध्याकाळी पुन्हा. ताळा केला नाही. करणार नाही.

आज पाच वाजता मीच लिलाबाईला माझ्या नंबरावर फोन लावायला सांगितलं. घरी धावत आले, उचलला, हो, बोलतेय, म्हटलं. लिलाबाईने विचारलं, बाई, ताळा नाही करत काय आता? मी म्हटलं, साहेब आल्यावर बघू. ती म्हणाली, बरं.

नुसतं बरं.

१८ जानेवारी

तिने दुसरी वही पाहिली. मी कपाट उघडं ठेवून बॅटरीचं पाणी बघत होते, तेवढ्यात. बोर्डावर जाऊन बसली आणि गिऱ्हाइकांशी हसून बोलू लागली. आठवड्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी दुसरी वही घरी आणली. उशीखाली. दाराला आतून कडी. वही माझ्याकडे असली की ताळा कोण करणार —

१९ जानेवारी, रविवार

दुपार. आज गेले नाही. अंगात कणकण आहे असा निरोप पाठवला.

पाचाला पाच मिनिटं कमी. आत्ता सुचलं. ताळा करायला दुसरी वही लागतच नाही. काय लिहिलं आहे ते तिला पाठ आहे. दोन शब्द. पहिली वही तिच्यासमोर पडली आहे. आणि पर्यवेक्षक गैरहजर —

मीच गैरहजर राहिले.

कडी काढते. धावत जाते —

पाच. कडीला हात लागला तोच फोन वाजला. उचलला. लिलाबाई. तिने विचारलं, चाळीस नंबर? मी म्हटलं, हो, बोलतेय. तिने पुन्हा विचारलं. मी ओरडले. हो. हो. लिलाबाई, सही करू नकोस, माझी चूक झाली. म्हटलं मी. शेवटी म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, चाळीस नंबर, उत्तर नाही. मग वहीवर टाक फिरल्याचा आवाज. मग म्हणाली, नियम म्हणजे नियम, बाई.

मी बोलते आहे. माझा आवाज मला ऐकू येतो. खोलीत ऐकू येत नाही. पाय उठत नाहीत.

म्हणजे फुलचंदही — शेषरावही — सगळे ओ देत होते. दहा दिवस. प्रत्येक हाकेला.

आली. खिडकीतून हात घालून कडी काढली. समोर उभी आहे. हात अजून चालतो, लिहिते आहे, तिला दिसेल असं मोठं लिहिते. लिलाबाई, जानराव बोलतो आहे. तुझ्या प्रत्येक हाकेला ओ देतो. त्याला ऐकू येतं. त्याच्याशी बोलत राहा.

वाकली. पान बघते आहे. वाच. वाच ना.

म्हणते, कोऱ्या कागदावर हात काहून फिरवून राह्यल्या, बाई —

माझं तोंड पुसते. पेन काढून घे