जिथं खोकी आपणहून येतात

अब्बा, घरात आपण दखनी बोलायचो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच सुचते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता नांदेडजवळ औषधांच्या एका मोठ्या गोदामात आहे. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तुम्ही सांभाळायचात त्या गोदामासारखं नाही हे. तीन मजली घराएवढे उंच लोखंडी कप्पे आहेत, त्यांच्यामधून रुळावर एक यंत्र धावतं, आणि मी औषधाचं नाव टाकलं की त्याचं खोकं काढून माझ्यासमोर आणून ठेवतं.

भूकंपानंतरचे ते दिवस सारखे आठवतात. रेल्वेनं आलेली मदत तुमच्या गोदामात उतरतेय. जुने कपडे, तांदूळ, औषधं, हमालांनी मिळेल त्या जागी रचलेलं. मी तुमचा डबा घेऊन दारात उभी आहे. बाहेर डॉक्टरांची जीप थांबलीय. "चाचा, धनुर्वाताची इंजेक्शनं कुठं हायेत?" "आल्यात साहेब, पण कुठल्या थप्पीत गेली ते सांगता येईना," असं म्हणून तुम्ही थप्प्यांमधल्या फटीत शिरता. तेवढ्यात जमीन पुन्हा हलते. कपड्यांचे गठ्ठे धडाधड कोसळतात आणि तुम्ही दिसेनासे होता. मी किंचाळते. आतून दबका आवाज येतो, "जिंदा हूं मैं, रो नक्को." हमालांनी गठ्ठे उपसून तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा ऊन कलंडलं होतं, आणि जीप रिकामीच निघून गेली होती. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, की ठेवायला कुणालाही येतं, लागेल तेव्हा हाताला आलं पाहिजे.

त्या एका बोलण्यापायी मी लातूरला क्लास केले, इंजिनियर झाले. हे गोदाम उभं राहिलं तेव्हा त्याच्या चाचण्या मीच घेतल्या. अर्धा दिवस धुंडाळावं लागायचं ते खोकं आता चहा निवायच्या आत येतं. पावसाळ्यात हदगावच्या दवाखान्यानं साप चावल्यावरची इंजेक्शनं मागवली, की ती लगेच गाडीत चढतात. तेव्हा तुमची आठवण येऊन बरं वाटतं. पण अब्बा, यंत्र थकत नाही. ते थांबतं ते फक्त माझ्यासाठी. माणसं कमी झाली तशी यंत्र खोकी आणून देतं त्या खिडकीवर मीही उभी राहू लागले. एक खोकं मोकळं करेपर्यंत दुसरं हजर, आणि उशीर झाला की समोर लाल दिवा. तुम्ही दिवसभर गोदामात फिरायचात, हमालांशी भांडायचात, हसायचात. माझ्याकडे सामानच चालत येतं, म्हणून मला जागचं हलता येत नाही. सोडावं म्हटलं, तर पोरीचं शिक्षण याच पगारावर आहे.

ही तुम्ही न पाहिलेली नात लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला आहे. परवा दुपारी, मी खिडकीवर असताना तिचा फोन आला. "मम्मी, इथं जीव गुदमरून राहिलाय. मी घरी येऊ का?" मला वाटलं होतं, अशा वेळी मी तिला रागवेन, समजूत घालीन. तोंडून निघालं, "ये. मिळेल त्या गाडीनं ये."

काल ती आली, पोटभर जेवली, आणि अजून झोपलीय. तिच्या उशाशी बसून हे लिहितेय. हे पाठवायचं कुठं, ते मलाही माहीत नाही. पण कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तिनं फोन ठेवल्यावर मी माझा फोन कितीतरी वेळ तसाच कानाला धरून उभी होते, मलाही कुणीतरी "ये" म्हणेल म्हणून.