रंगाचा पेला रिकामा कसा झाला

रविवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय. डायलिसिस सुरू झाल्यापासून मला दिवसाला पाऊण लिटरच पाणी चालतं. आई ते सकाळी बाटलीत मोजून देते आणि दिवसभर माझ्यावर पाळत ठेवते. आज ती बाजारातून आली, तर ब्रश बुडवायचा माझा पेला रिकामा!

"प्यायलीस?"

"अगं, रंगाचं पाणी कोण पितं?"

"जीभ दाखव."

जीभ निळी. आता हिला काय सांगू? ब्रशचं टोक चाटायची सवय कॉलेजपासूनची, सुटतच नाही. पण त्या पेल्यातला एक घोटही घेतला नव्हता. मनात आलं होतं का? आलं होतं.

मी गुपचूप कागद पुढे केला. भुईगावचा समुद्र, ओहोटीचा. आजारपणानंतरचं माझं पहिलं मोठं चित्र. आईने बोट लावलं, तेही निळं झालं. अख्खा पेला कागदाने पिऊन टाकला होता.

ती तडक आत गेली. बाथरूममधून नळाचा आवाज आला. मला घोट मोजून देणारी ही बाई काठोकाठ भरलेली बादली घेऊन आली आणि टेबलापाशी ठेवत म्हणाली,

"घे. आता भरतीचा काढ."